इकडील सर्व क्षेम? दुखण्याची वही आणि ती वाचणारी माणसे

जुन्या पत्रांची सुरुवात ठरलेली असे. ‘साष्टांग नमस्कार वि. वि.’ झाले की पुढे ‘इकडील सर्व क्षेम, आपले क्षेम कळवावे’ हे वाक्य येई. घरात कोणी तापाने फणफणलेले असो की म्हातारी आठ दिवस अंथरुणाला खिळलेली असो, हे वाक्य चुकत नसे. पुढे पोस्टकार्ड मागे पडले आणि हाती मोबाइल आला. वाक्य मात्र तेच राहिले आहे. पिरंगुटच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा मराठवाड्यातला मुलगा भाड्याच्या खोलीतून घरी फोन करतो आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणतो. आई तिकडून ‘आमचं काय, बरं चाललंय’ म्हणते. मुलाला महिनाभर धड झोप लागलेली नसते आणि आईचा रक्तदाब वाढलेला असतो. आपल्या माणसाला काळजी नको, ही यामागची भावना चांगलीच आहे. परंतु पुष्कळ आजार या एका वाक्याच्या आड महिनोन्‌महिने लपून राहतात, हेही तितकेच खरे आहे.

आजच्या लेखात आपण दोन गोष्टींचा विचार करणार आहोत. आपले दुखणे, औषधपाणी आणि मनातले बोल रोज थोडे लिहून ठेवणे ही पहिली, आणि ते लिहिलेले घरच्यांना व मित्रमंडळींना वाचावयास देणे ही दुसरी. पहिली सोपी आहे. दुसरीत मात्र बरेच तारतम्य लागते.

घरोघरी स्वयंपाकघरात खिळ्याला दुधाची वही टांगलेली असते. अर्धा लिटर दूध कमी आले तर त्याच दिवशी नोंद होते. किराण्याच्या वहीतही सात रुपये सुटत नाहीत. पण आजोबांचे जेवण नेमके कधीपासून कमी झाले, सुनेचे डोके आठवड्यातून किती वेळा दुखते, याचा हिशेब कोणाच्या वहीत नसतो. डॉक्टरांनी विचारले की ‘झाले बरेच दिवस’ असे उत्तर मिळते. ‘बरेच दिवस’ म्हणजे पाच दिवस की पाच महिने, यावर निदान फिरू शकते. उदाहरणच द्यावयाचे तर दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर बेडका तपासून क्षयरोग नाही ना याची खात्री करावयाची असते, आणि ही तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. खोकल्याला सुरुवात झाल्याची तारीख लिहिलेली नसेल तर दोन आठवड्यांचे दोन महिने कधी झाले हे कळतही नाही.

नोंद कशी असावी? ‘आज बरे वाटत नाही’ हे वाक्य खरे असले तरी उपयोगाचे नाही. पुढील नोंद पाहा. ही कल्पनेने लिहिली आहे, पण अशा तक्रारी अनेक घरांत ऐकू येतात. ‘शनिवार. रात्री दोनला खोकल्याने जाग आली. उठून बसल्यावर बरे वाटले, दोन उशा घेऊन झोपलो. सकाळी जिना चढताना मध्येच थांबावे लागले. मागच्या आठवड्यात थांबावे लागत नव्हते. पायाला सूज, चपलेचा पट्टा रुतला. रक्तदाबाची गोळी दोन दिवस संपलेली आहे.’ या पाच-सहा ओळींत एकही वैद्यकीय शब्द नाही. तरी त्या वाचणाऱ्या डॉक्टरांचे लक्ष खोकल्यावरून हृदयाकडे जाईल. आडवे झाले की येणारा खोकला किंवा दम, पायांवरची सूज, चढताना वाढत जाणारी धाप या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की हृदयाचे काम मंदावले आहे काय, हे तातडीने पाहावे लागते. हाच रुग्ण नुसता ‘खोकला आहे’ म्हणून दुकानातून खोकल्याचे औषध घेऊन आला तर काही दिवस फुकट जातील.

रक्तदाब घरी मोजत असाल तर तो लिहिण्याचीही पद्धत आहे. चहा, तंबाखू किंवा श्रमाचे काम यानंतर निदान अर्धा तास जाऊ द्यावा. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. असे सकाळ-संध्याकाळ सात दिवस करावे व पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत असेल तर रक्तदाब वाढलेला समजतात. दवाखान्यात मोजताना हीच मर्यादा १४०/९० धरली जाते. आकडा मनासारखा आला नाही म्हणून तो न लिहिता पुन्हा पुन्हा मोजत बसणारी माणसे बरीच आहेत. अशी वही कोणाच्याच कामाची नाही.

आणखी एक सूचना. काढे, भस्मे, शेजाऱ्याने दिलेल्या गोळ्या, उपासतापास हेही लिहावे. तंबाखू आणि मिश्रीही लिहावी. आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी विचारले की मान हलवून नाही म्हणतात, कारण बरोबर सासू किंवा मुलगा उभा असतो. वही एकटीने लिहिता येते. हा तिचा मोठा फायदा आहे.

येथपर्यंत शरीराचे झाले. आता मनाचे.

मनात दाबून ठेवलेले कागदावर उतरविल्याने प्रकृतीस फायदा होतो काय, याचा शास्त्रीय अभ्यास अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सुरू केला. त्यांचा व त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांचा प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. महाविद्यालयातील ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहावयास सांगितले. काहींनी साध्या विषयांवर लिहिले, तर काहींनी आयुष्यातील सर्वांत क्लेशकारक प्रसंगावर. ज्यांनी घडलेली हकीकत आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढील सहा महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. मात्र लिहून उठल्याबरोबर त्यांचे मन हलके झाले नव्हते. उलट ते अधिक खिन्न होते व त्यांचा रक्तदाबही थोडा वाढला होता. फायदा नंतर दिसला. पुढे १९९९ मध्ये जोशुआ स्मिथ व सहकाऱ्यांनी दमा आणि आमवाताच्या रुग्णांवर असाच प्रयोग केला. तीन दिवस वीस-वीस मिनिटे लिहिल्यानंतर चार महिन्यांनी तपासले, तेव्हा मनातले लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के रुग्णांत ठळक सुधारणा आढळली. साधे लिहिणाऱ्यांत हे प्रमाण २४ टक्के होते.

मुळशीच्या पावसाळ्यात दम्याने हैराण होणाऱ्यांनी हे वाचून श्वासातून घ्यावयाचे औषध बंद करून पेन हाती घेऊ नये. दम्याच्या रुग्णांवरील नंतरच्या प्रयोगात असा फायदा दिसला नाही. २००६ मध्ये १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. लिहिण्याने फायदा होतो, पण तो सरासरीने लहान असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. बिनखर्चाच्या उपायाला लहान फायदाही पुष्कळ झाला, असे आम्हास वाटते. औषधाची जागा मात्र तो घेऊ शकत नाही.

या प्रयोगांतील एक बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लिहिणाऱ्यांना सांगितलेले असे की हे घरातले कोणी वाचणार नाही, नावही गुप्त राहील. म्हणजे मोकळेपणाने लिहिता आले ते यामुळेच. जी वही उद्या कोणीतरी वाचणार आहे, तीत माणूस नकळत हात राखून लिहितो. म्हणून आमची सरळ शिफारस अशी, की वह्या दोन कराव्यात. एक दुखण्याची, जी दाखविता येईल. दुसरी मनाची, जी आपली आपल्यापाशी राहील. दुसरीतील एखादे पान कोणाला द्यावेसे वाटले तर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचून मग द्यावे. रागाच्या भरात रात्री अकराला लिहिलेले पान सकाळी दिले गेले असते तर काय झाले असते, याचा विचार सकाळच्या चहाबरोबर आपोआप होतो.

कोणाला काय लिहावे हा प्रश्न नवा नाही. महाराष्ट्रातील त्याचे बोलके उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे आहे. सर्वांना त्या पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या आयुष्यात पत्रव्यवहाराला केवढे स्थान होते, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. १८८० च्या सुमारास न्यू जर्सीतील रोझेल या गावी राहणाऱ्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी एका मासिकात गोपाळराव जोशी यांचे पत्र वाचले आणि आनंदीबाईंना लिहिले. दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नव्हत्या. तरी या पत्रांतून आनंदीबाई आपल्या प्रकृतीबद्दल लिहीत. सततची डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनमधून येणारा ताप, धाप हे सारे त्यांच्या कलकत्त्यातील दिवसांत सुरू होते. कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधेही पाठविली. त्यांचा गुण आला नाही. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला आपले दुखणे सांगण्यासाठी समुद्रापलीकडे एक मावशी मिळाली. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना घ्यावयास हीच मावशी आली होती.

नवऱ्याला लिहिलेली त्यांची पत्रे वेगळी आहेत. लहानपणी गोपाळरावांनी केलेली मारहाण, त्यांचे तिखट बोलणे यांविषयी त्यांनी अमेरिकेतून त्यांना स्पष्टपणे लिहिले. समोर बसून जे बोलता आले नसते, ते हजारो मैलांच्या अंतरावरून कागदावर लिहिता आले. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. तोपर्यंत क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे पाठविण्यात आल्या व न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या.

मावशीला लिहिलेले एक, नवऱ्याला लिहिलेले दुसरे, यात लपवाछपवी नव्हती. ज्या माणसाकडून जे मिळण्यासारखे आहे ते त्याच्याकडे मागितले, एवढेच. आणखी एक. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहिले तेव्हा ही पत्रे छापली गेली व ती आजपर्यंत वाचली जात आहेत. आनंदीबाईंच्या बाबतीत समाजाचा त्यात लाभच झाला. परंतु आपल्या हातून सुटलेला कागद कोठवर जाईल हे लिहिणाऱ्याच्या हाती राहत नाही, हे १८८७ मध्येही खरे होते. आता तर फोनवर पानाचे छायाचित्र काढावयास क्षणही लागत नाही.

आता कोणाला काय दाखवावे ते पाहू. डॉक्टरांना दुखण्याची वही जशीच्या तशी दाखवावी, पण सगळी वाचावयास देऊ नये. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात काय किंवा पुण्यातील बड्या तज्ज्ञाकडे काय, गर्दीच्या वेळी तुमच्या वाट्याला थोडीच मिनिटे येतात. वहीच्या पहिल्या पानावर चालू औषधांची नावे व मात्रा, कोणत्या औषधाची रिॲक्शन येते, पूर्वीची ऑपरेशने हे ठळक लिहावे. शेवटच्या भेटीनंतर काय बदलले ते चार ओळींत, आणि विचारावयाचे तीन प्रश्न. बस्स.

बरोबर राहणाऱ्या माणसाला, म्हणजे बहुधा नवऱ्याला किंवा बायकोला, धोक्याच्या खुणा ठाऊक असल्या पाहिजेत. हृदयाच्या रुग्णाचे वजन तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढले, मधुमेही माणसाला दरदरून घाम सुटून साखर ७० च्या खाली गेली, तर काय करावयाचे हे वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून दोघांनी मिळून वाचावे. छातीत दाबल्यासारखे दुखणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे या गोष्टी लिहीत बसण्याच्या नाहीत. तेथे वही बाजूला ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

परगावच्या मुलामुलींचा प्रश्न नाजूक असतो. पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात असलेल्या मुलाला रोजचे आकडे पाठवू नयेत, असे आमचे मत आहे. रोज १४२, १३८, १४५ असे आकडे पाहून तो दुरून घाबरतो व फोनवर उपदेश सुरू करतो. मग म्हातारी माणसे आकडे पाठविणे थांबवितात, नाही तर कमी करून पाठवितात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी चार ओळी पाठवाव्यात. त्यात वाईट असेल ते वाईट म्हणून लिहावे. मात्र एक अट घालावी, की चांगल्या आठवड्यातही पत्र चुकणार नाही. केवळ दुखले की लिहिणाऱ्या आईच्या निरोपाची मुलांना धास्ती बसते.

मित्राचे काम निराळे आहे. घरचा माणूस तुमचे दुखणे वाचतो तेव्हा त्याला त्यात आपल्यावरचा ठपका दिसू लागतो. ‘जेवण जात नाही’ हे वाक्य सुनेला आपल्या स्वयंपाकावरची टीका वाटू शकते. मित्राला तसे वाटण्याचे कारण नसते. म्हणून मनाच्या वहीतील पान पहिल्यांदा द्यावयाचे तर ते एखाद्या जुन्या, तोंडाला कुलूप असलेल्या मित्राला किंवा मैत्रिणीला द्यावे. तोच आजार असलेला माणूस मिळाला तर फारच उत्तम. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांत हेच होते. तेथे रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. हात का थरथरतो, शर्टाचे बटण लावावयास दहा मिनिटे का लागतात, हे एका शुभार्थीने सांगितले की दुसऱ्याला खुलासा मागावा लागत नाही.

नातेवाइकांचा व्हॉट्सॲप गट हा मात्र मित्र नव्हे. त्यात चाळीस माणसे असतात. त्यांतील दहा जण हळहळतात, पाच जण औषधे सुचवितात, दोघे कोठून तरी आलेला मजकूर पुढे ढकलतात आणि एक जण ते सोयरिकीच्या घरी पोहोचवितो. घरात मोठे आजारपण किंवा शस्त्रक्रिया असेल तर चाळीस फोनांना तीच हकीकत चाळीस वेळा सांगणे हा शुभंकरावर जुलूमच आहे. अशा वेळी घरातील एकाने, शक्यतो पुतण्याने किंवा भाच्याने, रोज संध्याकाळी एकच निरोप पाठवावा. आज काय झाले, भेटावयास यावे की नाही, कशाची गरज आहे. तपासणीचे कागद, जखमेची छायाचित्रे त्यात टाकू नयेत. निरोप पाठविण्यापूर्वी, रुग्ण शुद्धीवर असेल तर, तो त्याला वाचून दाखवावा. दुखणे त्याचे आहे. ते किती सांगावयाचे हे त्यानेच ठरवावे.

हा केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही. काही आजारांबाबत कायदाच आहे. एच. आय. व्ही. बाधा असल्याचे त्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने, काही ठरावीक अपवाद वगळता, मनाई केली आहे आणि हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. २०१७ च्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्यक्तीला तिच्या उपचारांविषयी गुप्ततेचा हक्क दिला आहे. क्षयरोगाचे थोडे वेगळे. गावभर सांगण्याची गरज नाही, परंतु एका घरात राहणाऱ्यांना सांगावेच लागते. कारण त्यांची तपासणी व्हावयास हवी आणि गरजेप्रमाणे त्यांना प्रतिबंधक औषधही देता येते. एवढे त्यांना कळले म्हणजे पुरे. लग्नाच्या मुलीच्या नावापुढे क्षय किंवा फिट्स हा शब्द एकदा लागला की उपचारांनी आजार आटोक्यात आला तरी शब्द जात नाही, हे आपल्या समाजाचे वास्तव आहे. ते वाईट आहे, पण लिहिताना विसरून चालणार नाही.

वाचणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावयास हवीत. आजवर आपण सारा भार लिहिणाऱ्यावर टाकत आलो. कोणी विश्वासाने वही हाती दिली तर पहिले वाक्य ‘हे आधी का नाही सांगितलंस?’ असे नसावे. ते काळजीपोटी आले तरी ऐकणाऱ्याला ते रागावल्यासारखे वाटते. ‘तुला काही होत नाही, मनाचे खेळ आहेत’ हेही नको. शुद्धलेखन सुधारू नये. (हसू नका, निवृत्त शिक्षकांच्या घरी हे घडते.) वाचून झाल्यावर ‘मी काय करू?’ एवढे विचारावे आणि उत्तर ‘काही नको’ असे आले तर तेही मान्य करावे. आणि जे वाचले ते जेवताना चार माणसांत काढू नये. एकदा असे झाले की ती वही पुन्हा कोणाला दिसत नाही.

दहावी-बारावीच्या मुलामुलींच्या डायऱ्यांविषयी पालक नेहमी विचारतात. चोरून वाचू नये, हे आमचे उत्तर आहे. मुलाला ते कळतेच आणि मग ते लिहिणे थांबविते किंवा खोटे लिहू लागते. परंतु मूल गप्प झाले आहे, जेवण-झोप तुटली आहे, आवडत्या वस्तू वाटून टाकीत आहे, ‘मी नसलो तर सगळ्यांचे बरे होईल’ असे बोलत किंवा लिहीत आहे, तर थांबू नये. शांतपणे, सरळ विचारावे, ‘मरून जावेसे वाटते का?’ असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून सुटका वाटते. त्याला एकटे ठेवू नये, घरातील औषधे व शेतीची कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. हे मोठ्या माणसांनाही लागू आहे. कर्जाच्या काळजीतील शेतकऱ्याला आणि रात्रपाळीतील त्या मुलालाही.

कधी कधी रुग्णाला स्वतः लिहिता येत नाही, तेव्हा घरच्यांनी त्याच्यासाठी लिहावे. उत्तर युरोपातील देशांत अतिदक्षता विभागातील परिचारिका व नातेवाईक बेशुद्ध रुग्णाची रोजनिशी ठेवतात. आज नळी काढली, आज मुलगी आली होती, आज तू डोळे उघडलेस, असे साधे लिहितात. रुग्ण बरा झाला की ती वही त्याला देतात. अशा रुग्णांना त्या काळातील काहीच आठवत नाही किंवा भलतीच भयंकर स्वप्ने आठवतात, आणि ती रिकामी जागा त्यांना पुढे छळत राहते. सहा युरोपीय देशांतील ३५२ रुग्णांवरील अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. रोजनिशी मिळालेल्यांपैकी सुमारे ५ टक्के रुग्णांना आघातोत्तर मानसिक विकार नव्याने जडला. ज्यांना ती मिळाली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण १३ टक्के होते. फ्रान्समधील २०१९ च्या मोठ्या अभ्यासात असा फरक आढळला नाही, तेव्हा यावर अखेरचा शब्द झालेला नाही. तरीही पुण्याच्या इस्पितळात आठ-आठ दिवस बाहेरच्या बाकावर बसून राहणाऱ्या नातेवाइकांनी एक शंभर पानी वही जवळ ठेवण्यास हरकत नाही. निदान डॉक्टरांनी सकाळी काय सांगितले ते संध्याकाळी येणाऱ्या भावाला नीट सांगता येईल.

स्वतःच्या आजारावर पुढे सविस्तर लिहावयाचे असेल तर घाई करू नये. गडचिरोलीत काम करणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर आपल्या राहणीची व ताणतणावांची झडती घेणारे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे त्यांचे पुस्तक मराठी घरांतून खूप वाचले गेले. ते लेखन सावरल्यानंतरचे आहे. रुग्णालयातील कच्ची टिपणे आणि असे लेखन यांत बराच काळ जावा लागतो.

वही भरली की नव्या वहीच्या पहिल्या पानावर औषधे, रिॲक्शन आणि ऑपरेशने यांची यादी उतरवून घ्यावी व जुनी वही रिपोर्टांच्या फाइलीत ठेवावी. मनाची जुनी वही ठेवावी की फाडून बंबात घालावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. दोन्ही करणारी माणसे असतात. मात्र दुखण्याची वही घरात कोठे ठेवली आहे हे निदान एका माणसाला ठाऊक असू द्या. दुधाच्या वहीशेजारचा खिळा त्यासाठी योग्य आहे. रात्रीअपरात्री रुग्णवाहिका आली तर कपाटाच्या किल्ल्या शोधाव्या लागणार नाहीत.